गाडी हलली का?

पहिल्या दिवशी बाबूजीनं मले खोलीची किल्ली देल्ली नाही. आंधी जाळं दाखवलं.

टांग्यातून आमची ट्रंक उतरून राहिली होती, आमचे हे टांगेवाल्याशी बोलून राहिले होते, मी पोटुशी, ऊन असं का डोळ्यापुढं काळं काळं येये, आन् हा उंच म्हातारा, अंगात कोट, डोक्यावर टोपी आन् पायात काहीच नाही, मले म्हने, "बाई, इकडे ये." मले वाटलं पानी देतेत. त्यायनं मले सरळ मोटारखान्यात नेलं. तिथी एक काळी मोटार उभी होती, चारी चाकं जमिनीपासून वर, खाली लाकडाचे ठोकळे लावलेले. ते वाकले आन् मागच्या चाकाजवळ बोट नेलं. चाकापासून खालच्या ठोकळ्यापर्यंत कोळ्यानं जाळं विनलं होतं.

"दिसतं का?"

"हो जी."

"हे काढायचं नाही. दसरा येवो, दिवाळी येवो, तुझा झाडू इथं लागला नाही पाहिजे. हा कोळी माझा साक्षीदार आहे. आणि दुसरी साक्षीदार आजपासून तू."

मी भ्यायली. साक्षीदार म्हटलं का मले कोरटच दिसते. मी यायच्याकडं पायलं तं हे ट्रंक उचलून राहिले होते, त्यायले आयकूच गेलं नाही.

"आणखी एक," बाबूजी म्हने. "या घरात खोटं बोलायचं नाही. ज्या दिवशी बोललीस त्या दिवशी खोली खाली."

मंग किल्ली देल्ली.

आठवड्याच्या आत हे पलटनीच्या लॉरीवर गेले, आसामाकडं. उमरेडले आमचे हातमाग होते, लढाई सुरू झाली आन् सूत भेटेना, माग बंद पडले, म्हून हे भरती झाले. सासूनं सांगतलं, माग सोडून गेला तो आमचा नाही, आन् त्याची बायकोबी आमची नाही. माही माय तं मी लहान असतानाच गेली. म्हनजे नागपुरात, त्या सदरातल्या गल्लीत मी, माहं पोट, आन् बोळाच्या त्या बाजूले बाबूजी. मी दिवसभर दार लोटून सुताच्या कांड्या भरत बसे, सूत कुठूनतरी थोडं येये, चरख्याचा आवाज असला का मले जरा हिंमत राहे. बाहेर पायाचा आवाज आला का चरखा थांबे.

मी चौथीपर्यंत शिकली, तेबी पुरी नाही. म्हून मोटारीच्या टॅक्सचं मले जेवढं समजलं तेवढंच सांगते. मोटार रस्त्यावर चालवाची तं सरकारले टॅक्स द्या लागते. पन मोटार उभीच ठेवाची असन तं आंधीच लिहून द्याचं का ही गाडी आता रस्त्यावर नाही, आन् काचेवरचं टोकन कचेरीत जमा कराचं. आंधी टॅक्स भरला असन तं मंग तीन महिन्यानं साहेब येते, गाडी खरंच उभी होती का पाहाते, शेजाऱ्याले इचारते, आन् भरलेला टॅक्स वापस भेटते. लढाईत पेट्रोल कूपनावर झालं तवा लय लोकायनं असंच लिहून देल्लं, टॅक्स भरलाच नाही. पन बाबूजी पयले पूर्ण सालाचा टॅक्स भरत, आन् मंग दर तीन महिन्याले थोडा थोडा वापस मागत.

मी एक दिवस हिंमत करून इचारलं, "बाबूजी, वापसच घ्याचा हाय तं भरता काहून?"

त्यायनं माह्याकडं असं पायलं जसं मी काही लय खराब बोलली. "भरल्याशिवाय परत कसा मिळेल?"

तवा मले वाटलं म्हाताऱ्याचं डोकं सरकलं हाय. गोठ्यातली काकू तं तसंच म्हने. गल्लीच्या मागं तिच्या म्हशी होत्या, दूध देऊन जाये आन् जाता जाता दोन गोष्टी टाकून जाये. संध्याकाळी बाबूजी मोटारीत बसत, टोपी नीट करत, काच पुसत, हात चाकावर ठेवत, पन चाक फिरवत नाही, फिरवलं तं खालचं जाळं तुटन म्हून. बसून राहात. अंधाराच्या आंधी एकदा भोंगा दाबत, पों. मंग उतरत. काकू म्हने, "आला वं म्हातारा बर्डीच्या बाजाराले चक्कर मारून! तुह्यासाठी संत्रं आनलं का पाय."

मी हासली का मंग मले वाईट वाटे. काहून का ते उतरून हात झटकत आन् खरंच दुरून आल्यावानी थकून दारात उभे राहात. आत जाऊन दिवा लावणारं कोनी नव्हतं.

पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या बाजूले, एक उशी होती. लाल खोळ, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचं फूल. तिथी कोनी बसाचं नाही. मी एकदा पुसाले गेली तं म्हने, "असू दे." काकूनं सांगतलं, एक साहेब विलायतले जाऊन राहिला होता, त्याच्याकडून बाबूजीनं ही मोटार घेतली, बायकोले संध्याकाळी फिरवाचं म्हून. मोटार दारात आली तवा ते बिचारी खाटीवर होती. उशी तिनं पडल्या पडल्या शिवली. खिडकीतून मोटार पायली तिनं. बसली नाही.

बाबूजी पुस्तकासारखं बोलत. कचेरीत सारी उमर कागदं सांभाळली होती न. पन चिडले का एकदम आमच्यावानी बोलत, ते मले मागून समजलं.

त्यायची एक गोष्ट होती, शब्द देल्ला का देल्ला. दूधवाल्या काकूले एकदा म्हने, उद्यापासून अर्धा शेर. दुसऱ्या दिवशी पाहुने आले, कोनी जुने कचेरीतले, तं दूध पुरेना, पन वाढवलं नाही. "मी अर्धा सांगितला आहे." पाहुन्यायले काळा चहा देल्ला. ते पाहुने पुन्हा आले नाही. काकू सांगे, दसऱ्याले मोटारीची पूजा करत, झेंडूची माळ घालत, आन् इंजिन सुरू करत, जागच्या जागी, थोडा वेळ. त्यासाठी एका डब्यात पेट्रोल ठेवलं होतं, डब्याले कुंकू लावलेलं. त्याले हात लावाचा नाही.

पावसाळा लागला तवा साहेब आले. मी तो दिवस इसरणार नाही. सकाळपासून बाबूजी आंगन झाडून राहिले, कोटाले ब्रश मारून राहिले, काकूकडून जास्तीचं दूध घेतलं, आंधीच सांगून ठेवलं होतं म्हने, चिवडा आनला, दोन कप धुऊन पालथे ठेवले. पेन्शनीवाल्या मानसाच्या घरी दोन कप कायले लागतेत, पन ते दोन्ही कप घासून घासून चमकवले. साहेब सायकलवरून आले, खाकी कपडे. त्यायनं चाक पायलं, जाळं पायलं, हासले. मंग माह्याकडं वळले.

"बाई, गाडी हलली का?"

मी मान हालवली.

"मान नको," बाबूजी म्हने. "तोंडानं सांग."

"नाही जी." आवाज असा निघाला जसा विहिरीतून.

"बस, झालं," म्हनून साहेब निघाले. बाबूजी म्हने बसा, चहा झाला आहे, चिवडा घरचा आहे. घरचा नव्हता, म्हून 'घरचा' म्हनताच थांबले, आन् म्हने, "नाही, बर्डीचा आहे." साहेब अर्धा कप पिऊन गेले. बाबूजी फाटकात उभे राहिले, सायकल गल्लीतून वळली तरी. मंग येऊन दुसऱ्या कपातला चहा पेले, गार झालेला.

तवा मले समजलं का टॅक्स काहून भरत.

मंग मारबतीचा दिवस आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सारं नागपूर इतवारीकडं गेलेलं, मारबतीच्या पुतळ्याची मिरवनूक पाहाले, लांबून ढोल आयकू येये. दुपारच्या आंधी माहं पोट दुखाले लागलं. काकू आली, तिनं हात लावून पायलं आन् तिचं तोंड उतरलं. "पोट्टं आडवं हाय वं माय. हे माह्या हातचं नाही. बर्डीवर बायांच्या दवाखान्यात न्या लागन." ते टांगा पाहाले पळाली. टांगे सारे मिरवनुकीत. एकबी नाही. मी भिताडाले धरून ओरडून राहिली, मले वाटलं मी आता जाते, यायले कोन सांगन, आसामात कोन सांगन.

काकू ओरडली, "काहून गा म्हाताऱ्या, मोटार काय लोनच्याले ठेवली हाय का?"

बाबूजी आंगनात उभे होते. मोटारखान्यात गेले. काकू मागं गेली, तिनंच मले मंग सांगतलं: म्हाताऱ्यानं त्या जाळ्यापुढं दोन्ही हात जोडले, आन् मंग एका बोटानं ते काढलं, हळू, जसं लेकराच्या डोळ्यातली काडी काढतेत. कोळी ठोकळ्यावर पळून गेला. मंग जॅक लावून एक एक ठोकळा काढला. दसऱ्याचं पेट्रोल ओतलं. हँडल मारून मारून कोटाची बाही फाटली तवा इंजिन बोललं.

मी मागच्या सीटवर, डोकं काकूच्या मांडीत. पुढची उशी बाजूले तशीच. मोटार अशी हळू चाले का काकू म्हने, "पायी नेली असती तं पोहोचली असती." बर्डीच्या चौकात शिपायानं हात केला. मले वरचं आभाळ आन् शिपायाची पगडी तेवढी दिसे.

"टोकन कुठी हाय?"

"कचेरीत जमा आहे," बाबूजी म्हने. "ही गाडी रस्त्यावर नाही."

शिपायानं मोटारीकडं पायलं, रस्त्याकडं पायलं. "मंग हे काय हाय?"

"हे बाळंतपण आहे."

तितक्यात मी अशी ओरडली का शिपाई मागं सरला. त्यानं स्वतः पुढं पळून गर्दी हटवली.

पोट्टा झाला. दोघं वाचलो. डॉक्टरीणबाई म्हने, जरा उशीर असता तं नाही. मले तिथी ठेवून घेतलं, काकू राहिली, बाबूजी मोटार घेऊन एकटे गेले. जाताना मले तं नाही, पोट्ट्याले म्हने, "तुला पाहून घेतलं. आता निघतो."

घरी आली तं मोटार पुन्हा ठोकळ्यावर. पन चाकाजवळ काही नाही. कोळी आला होता वापस, दोन धागे टाकले होते, बस. दसऱ्याले पूजा झाली, माळ घातली, इंजिन बोललं नाही. पेट्रोल नव्हतं न.

मंग साहेब येणार म्हून पुन्हा आंगन झाडलं, पुन्हा दोन कप. मी पोट्टं पोटाशी धरून बसली. मले काकूनं सांगून ठेवलं होतं, सरकारले लिहून देऊन मोडलं का जेल होते वं. खरं बोलली तं म्हातारा जेलात. खोटं बोलली तं खोली गेली, आन् आता तं एक नाही, दोन जीव. मी रात पुरी इचार केला असं नाही, मले इचार करताच येत नाही.

साहेब वाकले, चाकाकडं पायलं. "काय बाबूजी, तुमचा साक्षीदार कुठी गेला?"

"एक गेला. दुसरी आहे, तिला विचारा." आन् ते माह्या दाराच्या मागं जाऊन उभे राहिले. म्हने, मालक समोर असला तर साक्षीवर दबाव येतो.

"बाई, गाडी हलली का?"

मी पोट्ट्याच्या टाळूकडं पायलं. "नाही साहेब."

"नक्की?"

"जागची हलली नाही जी."

साहेबानं मान डोलावली, पेन्सिल काढली, लिहाले लागले. आन् दाराच्या मागून आवाज आला, असा मोठा का पोट्टं दचकलं.

"बाई खोटं बोलून राहिली!"

साहेब थांबले. बाबूजी पुढं आले, तोंड लाल. "मंग हे पोट्टं काय पायी आलं?"

साहेब हळू आवाजात म्हने, "बाबूजी, अहो, मी लिहून राहिलो न, नाही हलली म्हून. तुमचं काय बिघडते?"

"लिहा. हलली. इथून बर्डीपर्यंत. जाताना तीन माणसं होती आणि एक यायचं होतं. येताना मी एकटा."

"तुमाले टॅक्स वापस भेटणार नाही हे तीन महिने. लिहून देल्लेलं मोडलं, आता टोकनबी उचला लागन. गाडी आता रस्त्यावरची धरल्या जाईन."

"धरा."

साहेबानं कपाळावरून हात फिरवला, कागद घडी केला. त्या दिवशी चहा पुरा पेले ते, सावकाश, चिवडाबी खाल्ला. जेल-बिल काही नव्हतं. मले कोनी सांगतलं असतं तं मी खोटं कायले बोलती.

साहेब गेल्यावर बाबूजी माह्या दारात आले. आता पुस्तकासारखे. "बाई, खोली खाली करावी लागेल."

काकू गोठ्यातून धावत आली, हात शेनाचे. "बाळंतिणीले बाहेर काढतं गा? तुह्यासाठी बोलली ते पोरगी! लाज हाय का नाही?"

"नियम सगळ्यांना सारखा," बाबूजी म्हने. "पण बाळंतिणीला पायी काढता येत नाही. टोकन येऊ दे. मी स्वतः सोडून देतो."

आन् गेले.

म्हनजे टोकन आलं का मी गेली. रोज सकाळी बाबूजी कोट घालून कचेरीत जात, मी दाराच्या फटीतून पाहे, दुपारी वापस येत, मी त्यायच्या हाताकडं पाहे. हात रिकामे असले का मी भाकर खाये. तुळशीले म्हने, माय, ते टोकन कोनाच्या खुर्चीखाली पडू दे, कोनी बाबू बिमार पडू दे, थोडा, जास्त नाही. आन् ह्याच दिवसात बाबूजी मले डिंक आनून देत, खोबरं आनून देत, पोट्ट्याले अंगडं आनलं. मी म्हटलं, घरातून काढूनच राहिले तं हे कायले? म्हने, "खोली खाली होईपर्यंत तू माझी भाडेकरू आहेस." रडाव का हासाव, तेच समजेना.

दिवाळीच्या आंधी टोकन आलं. त्यायनं काचेवर लावलं, चार बोटानं दाबून दाबून. पेट्रोलचं कूपनबी भेटलं होतं. दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन निघाल्यावर, माही ट्रंक मोटारीत ठेवली, चरखा ठेवला, कांड्याची टोपली ठेवली. काकू तोंडाले पदर लावून उभी होती. मी मागं बसली. ते चाकाशी बसले. मंग काही आठवल्यावानी बाजूची लाल उशी उचलली आन् मागं न पाहाता माह्याकडं केली. "पोराच्या डोक्याखाली घे. धक्के बसतात."

गल्लीच्या तोंडाशी त्यायनं इचारलं, "कुठं सोडू?"

मले इतके दिवस वाटे का हा प्रश्न कोनी इचारलाच नाही तं बरं.

"उमरेड?"

"सासू दारात घेत नाही."

"माहेर?"

"माय नाही जी. बापानं दुसरी केली."

मोटार चालून राहिली. सदर मागं गेलं. "नवरा?"

"आसामात. दिवस झाले पत्र नाही."

मंग बर्डी आली. दुकानं, दिवाळीची गर्दी, मोटारीत बसलेली मी लोकायले पाहून राहिली आन् लोक मले, मी पदर पुढं ओढला. तोच शिपाई चौकात होता. त्यानं टोकन पायलं, आन् बाबूजीले सलाम केला. बाबूजीनं टोपीले हात लावला. प्रत्येक मोडावर ते हळू करत आन् इचारत, "इकडे, का तिकडे?" आन् मी म्हने, "तुमी म्हनान तिकडं." महालाची वस्ती झाली, तलाव आला. पोट्टं त्या उशीवर असं झोपलं होतं, तोंड उघडं, मूठ गालाखाली. तलावाच्या काठी त्यायनं मोटार उभी केली.

पान्यावर ऊन, धोबी कपडे आपटून राहिले होते. मी इतकी भेकड बाई, पन त्यायच्या मानेकडं पाहून, त्या मानेवरच्या पांढऱ्या केसाकडं पाहून, माह्या तोंडून निघालं, "बाबूजी, तुमाले कुठी जायचं हाय?"

"मला?" ते म्हने. चाकावरचे हात खाली घेतले. मंग पुन्हा ठेवले. "मला कुठं जायचं असतं तर मी गाडी रस्त्यावरून काढली असती का?"

धोबी थांबला, पुन्हा आपटाले लागला.

मी म्हटलं, "मंग घरी चला न."

"कोणाच्या?"

"तुमच्याच. तुमच्या घरी एक खोली खाली झाली म्हन्तेत आज सकाळी."

त्यायची मान हालली नाही. "झाली आहे," म्हने. "पण अटी आहेत."

"सांगा."

"घरात खोटं बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"जाळं काढायचं नाही."

"जाळं हायच कुठी आता?"

"येईल. गाडी उभी राहिली की येतं."

काकू गोठ्याच्या दारातच होती. मोटार वळताना दिसली तशी ओरडली, "घेऊन आला का गा संत्रं!" ट्रंक उतरली, चरखा उतरला. मी उशी वापस द्याले गेली तं म्हने, "झोपलं आहे, उठवू नको."

कूपन संपलं तशी मोटार पुन्हा ठोकळ्यावर गेली. पुन्हा लिहून देल्लं, टोकन जमा केलं, दोन-चार रोजात कोळी कामाले लागला. साहेब आले का मी तोंडानं सांगे, नाही हलली, आन् खरंच हलली नसे. संध्याकाळी बाबूजी मोटारीत बसत तं पोट्टं रांगत रांगत दाराशी जाये, मी त्याले उचलून मागच्या सीटवर ठेवे. तिघं बसून राहू. मंग ते पोट्ट्याले भोंगा दाबू देत. पों.

असं चाललं पुढच्या थंडीपर्यंत. एक दिवस दुपारी बाबूजी आंगनात खुर्चीवर ऊन घेत होते, पोट्टं त्यायची टोपी घेऊन खेळून राहिलं होतं, डोक्यावर घाले, काढे, त्यायच्या मांडीवर नेऊन ठेवे. त्यायनं उचलली नाही. पोट्टं पुन्हा देये. मी चरख्यावरून पाहून राहिली होती, मले वाटलं झोपले.

जबलपूरवरून भाचा आला. सारं आवरलं, मले म्हने, राहा सध्या, घर इकाचं हाय, गिऱ्हाईक येईपर्यंत पाहू. मोटारखान्याले कुलूप लावलं नाही, म्हने जुना पत्रा कोन नेते. लढाई सरली म्हन्तेत, लोक वापस येऊन राहिले. हे आजून नाही. घराचं दार वाजलं का मले आता दोन्हीची भीती वाटते, यायचं पत्र घेऊन कोनी आलं का घर घेनारं कोनी आलं.

मांगच्या सोमवारी वाजलं तं साहेब होते. सायकल भिताडाले लावली. बाबूजी गेले हे त्यायले कोनी सांगतलं नव्हतं. मी सांगतलं. त्यायनं टोपी काढली. मंग काय कराव त्यायलेबी समजलं नसन, ते मोटारखान्यात गेले, मागच्या चाकाशी वाकले. जाळं मोठं झालं होतं, धूळ बसलेली, मधात एक पतंग. पोट्टं माह्या पदराले धरून उभं.

साहेब उठले आन् सवयीनं इचारलं, "बाई, गाडी हलली का?"

"नाही साहेब."

"खरं?"

"खरं जी."

त्यायनं पेन्सिल काढली, पन लिहिलं नाही. माह्या दाराकडं पायलं. मीबी पायलं. आमी दोघं तशेच उभे राहिलो, दाराच्या मागून कोनी बोलते का म्हून.